'पुस्तकातून काय शिकलो' सोडून मुलांकडून काय लिहून घ्यावं?

उभा समास (धागा सुरू)

आठवी ते बारावीच्या मुलांकडून वाचनावर चिंतन लिहून घेण्याचा उपक्रम बऱ्याच ठिकाणी चालतो. विषय साधारण ठरलेले: 'मी आणि माझी पुस्तकं', 'वाचनाने मला काय दिलं', 'या पुस्तकात मला माझं काय दिसलं'. हेतू चांगलाच आहे. हाती येतं ते मात्र तीन साच्यांतलं.

पहिला साचा सारांशाचा. दोन पानं कथानक आणि शेवटी एक ओळ, 'हे पुस्तक मला खूप आवडले'. दुसरा तात्पर्याचा: 'यातून आपल्याला शिकायला मिळते की संकटांना घाबरू नये'. तिसरा सगळ्यात फसवा, कारण तो चिंतनासारखा दिसतो: 'या पुस्तकाने माझे आयुष्य बदलून टाकले'. काय बदललं, केव्हा, कोणत्या पानावर, याचा पत्ता नसतो.

मुलं कामचुकारपणा करतात असं मला वाटत नाही. जसा प्रश्न, तसं शहाणं उत्तर ती देतात. म्हणजे प्रश्न बदलायला हवा. जाणकारांनी नेमकं सांगावं: काय विचारायचं, किती आणि केव्हा लिहून घ्यायचं, तपासायचं कसं. आणि 'मी कोण' हा विषय मुलांवर न लादता त्यात कसा येईल? 'वाचनाची गोडी लावा' छापाचे सल्ले कृपया नकोत.

पानखूण

पहिली दुरुस्ती वेळेची. प्रश्न पुस्तक संपल्यावर विचारला जातो, तिथेच चुकतं. संपलेलं पुस्तक डोक्यात कथानक म्हणून उरतं. वाचताना मनात जे उमटून गेलं ते तोवर विरलेलं असतं, मग मुलं सारांश लिहिणार नाहीत तर काय करतील? नोंद वाचनाच्या अधेमधेच व्हायला हवी.

चालणारी पद्धत अशी. प्रत्येकाकडे कागदाच्या सहा पट्ट्या. वाचताना जिथे थांबावंसं वाटलं तिथे एक पट्टी. थांबण्याची कारणं चारच सांगायची: आवडलं, खटकलं, कळलं नाही, ओळखीचं वाटलं. पट्टीवर पान क्रमांक आणि त्या चारातला एक शब्द, बस. तिथल्या तिथे वाक्यं लिहायला लावली की वाचन तुटतं आणि मुलं पट्टी लावणंच टाळतात.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दहा मिनिटं घ्यायची आणि एकाच पट्टीवर लिहायचं. वहीच्या पानावर उभी रेघ, डावीकडे एक तृतीयांश जागा. डावीकडे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं. उजवीकडे आपलं म्हणणं, निदान आठ ओळी. डावी बाजू उजवीपेक्षा लांब झाली तर समजावं की मूल उतरवून काढतंय, विचार थांबलाय.

सहाच पट्ट्या का? कारण सातवी जागा सापडली की आधीची एक काढावी लागते. कोणती काढली आणि का, ही नोंद बहुतेक वेळा संपूर्ण वहीतली सगळ्यात जिवंत नोंद ठरते. ती आवर्जून लिहून घ्या.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पहिल्या वीस पानांतच सहाही पट्ट्या संपतात, म्हणून दोन सुरुवातीला, दोन मधे, दोन शेवटाकडे असं आधीच वाटून द्यायचं. दुसरं म्हणजे डाव्या रकान्यात सुविचार जमा व्हायला लागतात. त्यावर एक अट घाला: फळ्यावर 'आजचा विचार' म्हणून लिहिता येणार नाही असंच वाक्य निवडायचं. साध्या वाक्यापाशी मूल थांबलं असेल तर ते स्वतःच्या कारणाने थांबलेलं असतं.

आठवड्याला दोन नोंदी पुरेत. रोजची सक्ती केली की तिसऱ्या आठवड्यात एका बैठकीत सात दिवसांच्या नोंदी भरलेल्या दिसतात, एकाच पेनाने, एकाच अक्षरात.

कोरा कागद

पद्धत आवडली. शंका एकच, पुस्तकं ग्रंथालयाची असतील तर? खुणा, चिठ्या चालतील का?

देवघेव

ग्रंथालयाच्या बाजूने उत्तर देते. साध्या कागदाच्या पट्ट्या वापरा, दीड सेंटीमीटर रुंद, पानाच्या वर दोन बोटं दिसतील एवढ्या उंच. चिकटणाऱ्या चिठ्या वाचण्यापुरत्या ठीक, पण आठवडेच्या आठवडे राहिल्या तर चिकाचा पातळ थर पानावर उतरतो आणि त्यावर धूळ धरते. जुन्या, ठिसूळ कागदावरून चिठी काढताना अक्षरासकट पापुद्रा निघतो. कोपरे दुमडणं तर नकोच, घडीच्या रेषेवर कागदाचे तंतू तुटतात आणि पुढे कोपरा तिथूनच गळतो.

साधी पट्टी गळून पडू शकते, म्हणूनच तिच्यावर पान क्रमांक हवा. वहीत मात्र पानाबरोबर प्रकरणही लिहायला सांगा. आवृत्ती बदलली की पानं सरकतात आणि दोन मुलं एकाच जागेबद्दल बोलत असूनही त्यांना ते कळत नाही.

वेलांटी

माझा मुद्दा भाषेचा. मराठीतलं 'आपण' हे चिंतनातलं सगळ्यात मोठं लपायचं ठिकाण आहे. 'आपण नेहमी खरे बोलले पाहिजे', 'आपल्याला वाटते की', 'माणसाला दुःख होते'. लिहिणारं मूल या वाक्यांत कुठेच नसतं.

यावर वीस मिनिटांचा एक सराव आहे. लिहून झालेल्या नोंदीतल्या प्रत्येक 'आपण', 'आपल्याला', 'माणसाला' या शब्दांभोवती पेन्सिलने गोल करायचा. मग ते वाक्य 'मी' घालून परत लिहायचं. 'मी नेहमी खरं बोललं पाहिजे' असं लिहिल्याबरोबर मूल थबकतं, कारण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: बोलतो का? कुठे नाही बोलत? जे वाक्य 'मी' घातल्यावर खोटं वाटेल ते खोडायचं. पंधरा ओळींतून पाच उरल्या तरी चालेल, त्या पाच ओळींपासून पुढे लिहायचं.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. मराठीत 'मी' बोलला की बहुतेक वेळा लिंग उघड होतं: गेलो, गेले, वाचतो, वाचते. त्यामुळे मुलीने पुरुष निवेदकाची प्रथमपुरुषी गोष्ट मोठ्याने वाचली, किंवा मुलाने बाईच्या तोंडची वाचली, की प्रत्येक वाक्याला दुसऱ्याचा 'मी' आपल्या तोंडी येतो. एक परिच्छेद असा मोठ्याने वाचून घ्या आणि मग विचारा: कोणत्या वाक्यापासून हा 'मी' परका वाटेनासा झाला? किंवा शेवटपर्यंत परकाच राहिला? 'तुझी ओळख काय' असं न विचारता त्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाता येतं, आणि उत्तर देताना बोट ठेवायला एक वाक्य असतं.

तिसरं, कच्ची नोंद घरच्या बोलीत लिहू द्या. प्रमाण भाषेत लिहायचं म्हटलं की मुलांच्या हाताला पाठ्यपुस्तकाची वाक्यं लागतात, 'मला अतिशय आनंद झाला' वगैरे. शुद्धलेखन हवं तर पक्क्या लेखात बघा. वहीत नको.

उभा समास

वेलांटी, 'आपण'चा मुद्दा फार मोलाचा. हा सराव नोंदीच्या वेळीच घ्यायचा की नंतर?

वेलांटी

नंतर, किमान दोन दिवसांनी. लिहितानाच 'आपण लिहू नका' म्हटलं तर मुलं 'आपण'च्या जागी 'सर्वांनी' लिहितात. लपण्याची जागा फक्त बदलते.

खिडकीपाशी

ओळखीच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे चांगल्या हेतूनेच मोठी गफलत होते.

बालसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांबद्दल तीन प्रतिमा मांडल्या: आरसा, खिडकी आणि सरकतं काचेचं दार. आरशात वाचकाला आपलं जगणं दिसतं, खिडकीतून दुसऱ्याचं, आणि दारातून कल्पनेने त्या जगात पाऊल टाकता येतं. ज्या मुलांना पुस्तकांत आपल्यासारखं कुणी भेटतच नाही, किंवा भेटतं ते वेडंवाकडं रंगवलेलं, त्यांना त्यातून समाजातल्या आपल्या जागेबद्दल काय समजतं, हा त्यांचा कळीचा मुद्दा होता. ज्यांना सतत आपलाच आरसा मिळतो त्यांचंही नुकसान होतं, हेही त्यांनी मांडलं. वर्गात हा दुसरा भाग हमखास विसरला जातो.

आणि गफलत होते ती अशी. शिक्षक मुलाकडे बघून आरसा ठरवतो. व्हीलचेअरवरच्या मुलीला व्हीलचेअरवरच्या नायिकेचं पुस्तक, आई-वडील वेगळे राहतात त्या मुलाला तशाच घराची गोष्ट. वर सगळ्यांसमोर, 'हे तुझ्यासाठी बरं का.' त्या मुलीला कदाचित गुप्तहेरांच्या गोष्टी हव्या असतील. तिची एकच बाजू बघून पुस्तक दिलं की ते पुस्तक तिला शिक्क्यासारखं लागतं, आणि मग चिंतनात ती अपेक्षित तेच लिहून देते.

त्यापेक्षा वर्गाच्या पेटीतच विविधता ठेवा. तीस मुलांसाठी निदान साठ पुस्तकं, म्हणजे शेवटच्या मुलालाही खरी निवड करता येते. दहा मिनिटं नुसती चाळायला द्या: मलपृष्ठ, पहिलं पान, मधलं कुठलंही एक पान. मग निवडायला सांगा. आणि चाळून बाजूला ठेवलेल्या एका पुस्तकाबद्दल दोन ओळी लिहून घ्या: हे का नको वाटलं? या 'नको'च्या नोंदींत ओळखीबद्दल भरपूर सापडतं. 'मुलींचं पुस्तक वाटलं', 'फार हुशार लोकांसाठी आहे', 'यातली माणसं माझ्याशी बोलणार नाहीत असं वाटलं'. शेवटच्या प्रकारचं वाक्य आलं तर त्यावर चर्चा नको, लगेच समजावणं तर त्याहून नको. तारीख घालून जपून ठेवा. दोन महिन्यांनी त्याच मुलाला ते परत वाचायला द्या.

देवघेव

पूर्ण सहमत. भारतीय ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातले दोन नेहमी जोडीने वाचावेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचं पुस्तक कुठलं ते आपण परस्पर ठरवावं असं त्यात कुठेच नाही. आपल्याकडे मांडणी आहे, पाट्या आहेत, चार-पाच पुस्तकं समोरच्या फळीवर मुखपृष्ठ दिसेल अशी उभी ठेवणं आहे. कण्याकडून दिसणाऱ्या पुस्तकापेक्षा मुखपृष्ठ दिसणारं पुस्तक मुलं पटकन उचलतात.

शेरा

तपासण्याबद्दल. इथे सगळ्या मेहनतीवर पाणी पडू शकतं, म्हणून एक नोंद जवळून बघू. उदाहरण रचलेलं आहे.

डावा रकाना: 'तिनं चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरली. (पान ४७)'

उजवा रकाना: 'हे वाक्य मला आवडले. लेखकाने छान वर्णन केले आहे. यातून तिचे धाडस दिसते.'

नेहमीचा शेरा काय असतो? 'छान. अजून सविस्तर लिही.' त्यावर मूल आणखी तीन विशेषणं घालून देतं. 'का आवडलं?' हाही शेरा उपयोगाचा नाही. 'का' म्हटलं की मुलांना आपली उलटतपासणी चाललीय असं वाटतं आणि ती ठेवणीतलं कारण काढून देतात. इंग्रज बालसाहित्यकार एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांवर बोलण्याची जी पद्धत बसवली तिच्यात 'का' टाळून 'सांग ना' असं म्हणण्यावर भर आहे, तो याचसाठी. पानखूण यांची चार कारणंही त्या पद्धतीच्या जवळची आहेत.

शेरा मजकुरातल्या वस्तूवर ठेवा: 'चपला हातात होत्या, पायात नाही. तुला तिथे काय दिसलं?'

मग उत्तर साधारण या वळणाचं येतं: 'घरात कुणी झोपलेलं असणार. आवाज झाला तर काय सांगायचं हे तिनं आधी ठरवलं असणार. ते पुस्तकात लिहिलेलं नाही, मीच धरून चाललो. मी पण आधी उत्तर तयार ठेवतो.' शेवटचं वाक्य बघा. ओळखीबद्दल कुणी विचारलेलं नाही आणि तरी ते आलंय, कारण पुस्तकातली मोकळी जागा त्या मुलाने स्वतःजवळच्या सामानाने भरली. अमेरिकन साहित्य-अभ्यासक लुईझ रोझेनब्लाट यांनी १९३८ पासून हेच मांडलं की अर्थ फक्त कागदावर नसतो, वाचक आणि मजकूर यांच्या व्यवहारात तो घडतो. वही तपासणाऱ्याने हा व्यवहार कुठे झाला ती जागा शोधायची आणि तिथेच एक प्रश्न ठेवायचा.

एका नोंदीला एकच शेरा, तोही प्रश्न, दोन ओळींच्या आत. तीस वह्या असतील तर आठवड्याला दहाच तपासा, प्रत्येकाची पाळी तीन आठवड्यांनी येईल. सगळ्या वह्यांवर सही करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

गुणपत्रक

इतकं सगळं खरं, पण गुण नसतील तर मुलं लिहीत नाहीत, हे वास्तव आहे. आणि गुण द्यायचे तर चिंतनाला द्यायचे कसे?

शेरा

भावनेला गुण देऊ नका. ज्याने जास्त उघड केलं त्याला जास्त गुण मिळायला लागले की पुढच्या खेपेला वर्गभर रडकी चिंतनं येतात. मोजता येईल तेवढंच मोजा. वीस गुण धरले तर: नेमकी जागा, म्हणजे पान, प्रकरण, वाक्य यांना पाच. आधीच्या नोंदीचा संदर्भ घेऊन मत बदललं, पक्कं झालं किंवा गोंधळ वाढला, हे दाखवलं तर सात. सत्रातल्या बारा नोंदींपैकी स्वतः निवडलेल्या तीन आणि त्या निवडीमागचं कारण, याला आठ. 'पुस्तक कळलं नाही' असं नेमकेपणाने लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळू शकले पाहिजेत, हे पहिल्याच दिवशी वर्गात स्पष्ट सांगा.

गुणपत्रक

हे जमण्यासारखं आहे. पुस्तक अर्धवट सोडलं तर?

पानखूण

सोडू द्या, फक्त सोडण्याची नोंद घ्या: कितव्या पानावर, काय वाचून. फ्रेंच लेखक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यात पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क आहे आणि शेवटचा, दहावा, गप्प राहण्याचा. चिंतन लिहून घेणाऱ्यांनी तो दहावा विशेष लक्षात ठेवावा.

घडीचं पान

त्या दहाव्या हक्काला धरूनच लिहितो. वहीत घडी घालायची सोय ठेवा. मुलाने पान मधे दुमडलं की ते शिक्षक वाचत नाही, फक्त तारीख बघून नोंद धरतो. आणि मग खरोखर वाचायचं नाही, एकदाही नाही. वर्गात कुणाचीही नोंद वाचून दाखवायची तर आधी एकट्यात विचारायचं आणि नकाराचं कारण मागायचं नाही.

याबरोबर दुसरी गोष्ट वही देतानाच सांगायला हवी: उघड्या पानावर तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं काही आलं, तर ते मी स्वतःपुरतं ठेवू शकणार नाही, मदत करू शकेल अशा माणसाला सांगेन, आणि तुला सांगून सांगेन. हे आधी न सांगता 'इथे मोकळेपणाने लिहा' म्हणणं म्हणजे मुलाला फसवणं आहे. तसं काही आलंच तर त्या पानावर साहित्यिक शेरा लिहू नका. वही बाजूला ठेवा, त्याच दिवशी मुलाशी बोला, आणि संस्थेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे असेल त्याला कळवा.

कोरा कागद

ज्या मुलांनी अभ्यासाबाहेर पुस्तकच वाचलं नाही, त्यांचं काय? 'मी आणि माझी पुस्तकं' म्हटलं की ती खाली मान घालतात.

वेलांटी

त्यांच्यासाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, सुरुवात वाचनरेषेने करा. आडवा कागद, मधोमध एक रेघ, डावं टोक म्हणजे पहिली आठवण, उजवं टोक म्हणजे आज. चाळीस मिनिटं. रेघेच्या वर वाचायला आवडलेलं, खाली नकोसं झालेलं, निदान आठ खुणा. मात्र 'पुस्तक' हा शब्द सूचनेत वापरायचाच नाही, 'वाचलेलं काहीही' म्हणायचं: चित्रकथा, खेळाच्या सूचना, सामन्याचं धावतं वर्णन, गाण्याचे शब्द, सिनेमाखालची भाषांतरं, मोठ्यांसाठी वाचून दाखवलेली पत्रं आणि अर्ज. घरातल्या मोठ्यांना कागदपत्रं वाचून दाखवणारं मूल स्वतःला वाचक समजत नसतं, पण घरातला वाचक तेच असतं. रेघेवर ती खूण आली की त्याच्या लिहिण्याचा सूर पालटतो.

फळ्यावर नमुना रेघ काढू नका. काढलीत तर तीसच्या तीस रेघा तिच्यासारख्याच येतील.

उभा समास

आयती, यंत्राने लिहिलेली चिंतनं हाही प्रश्न आहेच.

शेरा

पट्टी, पान आणि अधलीमधली तारीख या पद्धतीत ते बरंच आपोआप अवघड होतं. शिवाय पुस्तक निम्मं झाल्यावर 'पुढे काय होईल' याचा अंदाज वर्गातच पाच मिनिटांत हाताने लिहून घ्या. पक्क्या लेखात तो अंदाज कुठे फसला हे यायलाच हवं. फसलेला अंदाज बाहेरून आणता येत नाही.

उभा समास

शेवटचा प्रश्न. बारा नोंदींतून सहाशे शब्दांचा पक्का लेख कसा करायचा?

खिडकीपाशी

एक तास मोकळा ठेवा. सगळ्या नोंदी पसरून फक्त उजवे रकाने सलग वाचायला सांगा. परत परत आलेला शब्द, प्रसंग किंवा तक्रार अधोरेखित करायची. कुणाला चार वेगवेगळ्या पुस्तकांत दर वेळी धाकटं भावंडच खटकलेलं असतं, कुणी प्रत्येक पुस्तकात घर सोडण्याच्या प्रसंगाशी थांबलेलं असतं. हे मुलाला स्वतःलाच सापडू द्या. तुम्हाला आधी दिसलं तरी बोलू नका.

लेखाची सुरुवात त्यातल्या एका वाक्याने, पानासकट. मग दुसऱ्या पुस्तकातली तीच जागा. मग एक नोंद जी या धाग्यात बसत नाही, ती मुद्दाम घ्यायची, नाहीतर लेख फार गुळगुळीत होतो. कथानकाला एकूण साठ शब्दांच्या वर जागा नाही. 'अशा प्रकारे' ने सुरू होणारा शेवटचा परिच्छेद आला तर तो काढून लेख परत वाचून बघायला सांगा, बहुतेकदा तो नसलेलाच बरा असतो.

कोरा कागद

वही केवढी घ्यावी?

पानखूण

शंभर पानी, रेघांची, शिवलेली. सुटी पानं हरवतात. नोंद फक्त उजव्या हाताच्या पानावर लिहायची, समोरचं डावं पान कोरं सोडायचं. सत्राच्या शेवटी मूल स्वतःची वही वाचेल तेव्हा त्याला जे म्हणायचं असेल ते तिथे, वेगळ्या शाईने, नव्या तारखेसह.